गोलमागचा लाल दिवा

टॅलमन गावात लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं वाटत असेल तर एकच खात्रीचा उपाय आहे. मरायचं. त्यातून तुम्ही कधीकाळी टॅलमन मिलर्सकडून बर्फावरची हॉकी खेळला असाल तर मग बघायलाच नको. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे मेल्यावर ती अशी जाते की कधी होती याचा पुरावासुद्धा मागे राहत नाही.

दर ऑक्टोबरात, घरच्या पहिल्या सामन्याआधी, रविवारी दुपारी दीड वाजता आमच्या रिंकवर स्मरणाचा कार्यक्रम असतो. बर्फावर मधोमध लाल गालिचा अंथरतात, त्यावर माईक उभा करतात. त्या वर्षी गेलेल्या जुन्या खेळाडूंची नावं क्लिफ नॉयफेल्ड वाचतो. हा चाहता मंडळाचा अध्यक्ष. तीस वर्षं झाली, खुर्ची सोडत नाही, आणि माईक तर त्याहून नाही. एकेक नाव झालं की चाहत्यांपैकी कुणीतरी पुढे येतं, एक आठवण सांगतं, आणि मग गॅलरीतले सगळेजण घरून आणलेल्या जुन्या स्टिकचा दांडा कठड्यावर तीनदा आपटतात. नियम एकच, तोही कुठे लिहिलेला नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नाही. त्यामुळे खरं बोलायचा प्रश्न सहसा येत नाही.

मी आर्नी टॉर्गर्सन. वय शहात्तर. पंचेचाळीस वर्षांत या गालिच्यावर मी एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. दरवर्षी गॅलरीत मांडीवर घोंगडी घेऊन बसायचं, दांडा आपटायचा, मग वरच्या हॉलमध्ये जाऊन अंड्याची सँडविचं खायची, आणि घरी. असं छान चाललं होतं. यंदा नादिया प्रोकोपचुकने मला पोस्टात गाठलं.

विल्फ प्रोकोपचुकची बायको ती. विल्फ जुलैत गेला. मी माझ्या टपालपेटीला किल्ली लावत होतो आणि ती शेजारी येऊन उभी राहिली.

"आर्नी, रविवारी विल्फबद्दल तू बोल."

"मी? अगं, क्लिफ आहे की. त्याला गप्प बसवायलाच माणूस लागतो, बोलवायला नाही."

"क्लिफ त्या दिवशी सगळ्यात मागच्या रांगेत होता. तू सगळ्यात जवळ होतास."

मी टपालपेटीत डोकं घातलं. आत बियाणांच्या जाहिरातीचा एक कागद होता, तो मी फार लक्ष देऊन वाचला.

"मंगळवारी मी कॅल्गरीला चाललेय," ती म्हणाली. "लेकीकडे. कायमची. म्हणजे हा एकच रविवार आहे."

एवढं बोलून ती गेली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. आणलं असतं तर बरं झालं असतं, रडणाऱ्या बाईला कसं टाळायचं ते मला येतं.

आता त्या दिवसाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकोणीसशे एकोणऐंशीचा मार्च. अंतिम सामना, आमच्याच रिंकवर, वर्डन लेक गावाच्या संघाशी. तीन-तीन अशी बरोबरी, जादा वेळ, पहिला गोल करेल तो जिंकला. विल्फ आमचा गोलकीपर. मी गोल जज. म्हणजे गोलच्या मागे तारेच्या खुराड्यात बसायचं आणि पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती, रेषेच्या आत गेला की बटण दाबून लाल दिवा लावायचा. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. मला जमलं नाही.

बाहेर उणे तीस, आत त्याहून थोडं बरं. माझ्या हातात आईने शिवलेली मूस हरणाच्या कातड्याची जाड मिटन्स, सगळी बोटं एकाच पिशवीत घालायचे हातमोजे. त्यात बोट कुठे आणि अंगठा कुठे हे देवाला ठाऊक. वर्डन लेकच्या एका पोराने पक हाणला, विल्फने आडवी झेप घेतली आणि तो हातमोज्यात पकडला. हातमोजा रेषेच्या वीतभर बाहेर होता. या दोन डोळ्यांनी पाहिलं मी. पाहिलं, आनंदाने उडालो, आणि उडताना मिटनखाली बटण दाबलं गेलं.

दिवा लागला. वर्डन लेकची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचायला लागली. पंच स्वतः घसरून पडला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. तो माझ्या खुराड्याशी आला, तारेला नाक लावून म्हणाला, "आत होता?"

‘हात चुकला.’ एवढंच म्हणायचं होतं मला. दोन शब्द. पण अकराशे माणसं बघत होती आणि मी तीस वर्षांचा शहाणा माणूस होतो.

"होता," मी म्हणालो.

मला वाटलं, आता गाव मला फाडून खाणार. पण गंमत बघा. दुसऱ्या दिवशी लोक माझा हात हातात घेऊन म्हणाले, आर्नी, आपल्याच संघाविरुद्ध दिवा लावायला छाती लागते. याला म्हणतात सचोटी. हात दाखवून अवलक्षण होतं असं ऐकून होतो, माझं हात दाखवून कल्याण झालं. त्या दिवसापासून मी ‘प्रामाणिक आर्नी’. मतपेट्या उघडायला आर्नी. भोपळ्यांच्या स्पर्धेत वजनकाट्यापाशी आर्नी. सफरचंद भरून भट्टीत भाजतात त्या ‘पाय’मध्ये कुणाचा सरस हे ठरवायला आर्नी, कारण आर्नी काय स्वतःच्या बहिणीलाही झुकतं माप द्यायचा नाही. नाही दिलं मी. बहीण दोन वर्षं बोलली नाही.

आणि विल्फ? तो महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटला की मी पकडला होता, रेषेच्या बाहेर पकडला होता. लोक म्हणाले, हरल्याचं दुःख नाही रे, पण खोटं कशाला बोलतोस? तिथे आर्नी होता. मग तो गप्प झाला. गावाने त्याचं नाव चाळणी ठेवलं. कुणीतरी त्याच्या फाटकाला पीठ चाळायची चाळणी टांगली. त्याने ती काढली, तर आठवड्याने दुसरी. पुढे तीस वर्षं तो शाळेची बस चालवत होता. त्याच्या बसमधली पोरं, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तीसुद्धा मागच्या बाकावरून हळूच ‘चाळणी, चाळणी’ करायची. त्या पोरांना शाळेत पोचवायला तो उणे चाळिसातही वेळेवर हजर असायचा.

जुलैत त्याच्या शवपेटीला पहिला खांदा कुणी दिला असेल? क्लिफने. आणि पहिली चाळणी कुणाच्या मुदपाकखान्यातून आली होती हे मी सांगत नाही, क्लिफची आई फार चांगली बाई होती.

तर रविवार आला. रिंक गच्च भरलेली. वर गॅसचे हीटर तांबडे झालेले, कँटीनमधून बटाटे तळल्याचा वास, आणि प्रत्येकाच्या हातात आजोबांची नाहीतर बापाची स्टिक. नादिया पहिल्या रांगेत बसली होती, कोटाची सगळी बटणं लावून.

यंदा तीन नावं होती. पहिला हर्ब वीब. बचाव खेळायचा, म्हणजे लोकांची नाकं फोडायचा. मोजून अकरा, त्यात एक माझ्या चुलतभावाचं. त्याच्याबद्दल बोलायला कँटीनवाली मार्लीन आली. म्हणाली, हर्ब म्हणजे लोण्यासारखं काळीज, माशी मारवत नव्हती त्याच्याने. खरं आहे. माशीला नाक नसतं.

दुसरा लॉयल मॅकफी. बारा मोसम खेळला, त्यात त्याने दुसऱ्याला पक दिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्याचे साथीदार म्हणायचे, लॉयलकडून पक हवा असेल तर वर्डन लेकच्या संघात जा. त्याच्या आठवणीत एक गृहस्थ गहिवरून म्हणाले की संघभावना कशाला म्हणतात ते लॉयलने आम्हाला शिकवलं. दांडे आपटले गेले, ठक ठक ठक. माझ्या मागे बसलेला लॉयलचा जुना जोडीदार सगळ्यात जोरात आपटत होता. मेल्या म्हशीला मणभर दूध. आमच्या गावात तर तिचं लोणीही निघतं.

मग क्लिफने चष्मा पुसला. "विल्फ प्रोकोपचुक," तो म्हणाला. "मित्रांनो, एका गोलवरून माणसाची किंमत ठरत नाही."

पंचेचाळीस वर्षं या गावाने दुसऱ्या कशावरून ठरवली होती ते त्याने सांगितलं नाही.

"आणि विल्फबद्दल बोलायला कोण येतंय बघा. प्रामाणिक आर्नी."

मी उठलो. गालिच्यापर्यंतची तीस पावलं मला टॅलमन ते कॅल्गरीएवढी वाटली. खरं सांगतो, मी दोन भाषणं ठरवून आलो होतो. एक गोड होतं, त्यात विल्फची बस होती, पोरं होती, हिवाळा होता, आणि पक नव्हता. दुसरं छोटं होतं. माईकसमोर उभा राहीपर्यंत मला माहीत नव्हतं त्यातलं कुठलं तोंडातून बाहेर येणार. नादियाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, बस्स, बघत होती.

"विल्फने तो पक पकडला होता," मी म्हणालो. "रेषेच्या बाहेर. वीतभर बाहेर. मी पाहिलं होतं. दिवा माझ्या हातून चुकून लागला, आणि पंचाने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. विल्फ खरं बोलत होता. मी खोटारडा होतो. सगळ्यांसमोर सांगायला उशीर झाला. एवढंच."

मी मनाशी म्हटलं, आता येतील स्टिका अंगावर. येऊ देत. छातीवरचा दगड उतरला होता, मला हलकं हलकं वाटत होतं, अगदी लाज वाटावी इतकं हलकं.

मग कुणीतरी दांडा आपटला. मग दुसऱ्याने. मग सगळ्या गॅलरीने, आणि तीनवर थांबेनात. लोक उठून उभे राहिले. मार्लीन तर ढसाढसा रडत होती. मला कळेना. क्लिफने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माईक ओढून घेतला.

"मित्रांनो," तो म्हणाला, "जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस आज खोटं बोलला. मेलेल्या मित्राचं नाव राखायला स्वतःच्या नावाला काळं फासून घेतलं त्याने. मैत्री म्हणतात ती ही."

"क्लिफ," मी म्हणालो, "मी खरं सांगतोय."

"हो रे बाबा, हो," असं म्हणून त्याने मला डोळा मारला.

"अरे ऐक ना. मी बटण चुकून दाबलं. आईची मिटन्स होती हातात."

"आईची मिटन्स," क्लिफ माईकमध्ये म्हणाला, आणि गॅलरीतून हुंदक्यांची आणखी एक लाट आली.

काय करणार. पंचेचाळीस वर्षं खपून मी प्रामाणिकपणाचं जे नाव कमावलं होतं, ते आता मला खरं बोलू देईना. आणि दोष तरी कुणाला देऊ? त्या गालिच्यावर उभं राहून आजवर कुणी खरं बोललेलंच नव्हतं. माझंही त्याच ओळीत जाऊन बसलं, हर्बच्या लोण्याशेजारी आणि लॉयलच्या संघभावनेशेजारी.

वरच्या हॉलमध्ये नेहमीची टेबलं मांडली होती. कडा कापलेली सँडविचं, लोणच्याच्या काकड्या, पिरोगी म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, चॉकलेटच्या वड्या. मला कुणी ताटलीही उचलू देईना. जो येतो तो मिठी मारतो. हॉकीच्या गावात पुरुष एकमेकांना मिठी मारत नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांना ऊत आला होता.

"विल्फ वरून बघत असेल बघ," मार्लीन म्हणाली.

"मार्लीन, तू तरी ऐक. तो गोल नव्हता."

"नव्हताच रे," ती माझ्या गालावर थोपटत म्हणाली. लहान पोराला ताप आल्यावर थोपटतात तसं.

एक म्हातारा मला कोपऱ्यात घेऊन गेला आणि इकडेतिकडे बघत कानात म्हणाला, "फार मोठं काम केलंस. पण आपल्या दोघांत सांगतो, आत होता हं तो. मी पाहिलाय." कुठून पाहिलास विचारलं, तर म्हणाला वाहनतळावरून, दार उघडं होतं.

मी चिडलो. टेबलावर मूठ आपटून मोठ्याने म्हणालो, "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाचं आयुष्य नासवलंत, आणि मी बसून बघत राहिलो." मग क्लिफने काट्याने कपावर टण्‌टण्‌ केलं आणि जाहीर केलं की मंडळाने आत्ताच, इथल्या इथे, ठरवलंय. पुढल्या वर्षापासून मैत्रीसाठी एक ढाल द्यायची. टॉर्गर्सन ढाल. दरवर्षी ऑक्टोबरात, आर्नीच्या हस्ते. विल्फच्या नावाची का नाही, असं कुणी विचारलं नाही. मी विचारलं. क्लिफ म्हणाला, "बघा, अजूनही मित्राचाच विचार."

नादिया खिडकीपाशी कॉफीच्या मोठ्या पिंपाशेजारी बसली होती. कोट अंगातच. तिच्या ताटलीतलं सँडविच तसंच होतं. मी गर्दीतून वाट काढत गेलो आणि समोरच्या खुर्चीत बसलो.

"नादिया, मी सांगितलं त्यांना."

"ऐकलं."

"विश्वासच ठेवत नाहीत गं."

"विल्फवर कुठे ठेवला," ती म्हणाली. "तुझी तर अजून एकच दुपार झालीय."

तिने कॉफीचा घोट घेतला. खाली सामना सुरू झाल्याचा भोंगा वाजला आणि निम्मा हॉल जिन्याकडे धावला. आमच्याभोवती जरा मोकळं झालं.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"पहिल्या दिवसापासून. नवरा होता तो माझा. पकडला म्हणाला, म्हणजे पकडला."

"मग तू कधी बोलली का नाहीस? माझ्या दारात येऊन चार शिव्या दिल्या असत्यास तर मी..."

"तर तू काय केलं असतंस?"

मी तिच्या ताटलीतलं सँडविच उगाच सरळ करून ठेवलं.

"येणार होते मी," ती म्हणाली. "त्यानेच येऊ दिलं नाही. म्हणायचा, आर्नी वाईट नाही गं, घाबरलाय, सांगेल एक दिवस. दर ऑक्टोबरात त्या रविवारी टाय बांधायचा. आमच्या लग्नात बांधला होता त्यानंतर फक्त या दिवसाला. म्हणायचा, यंदा आर्नी उठेल बघ, आणि तो उठला की मी काही गबाळा दिसायला नको. मग आम्ही इथे यायचो. तू दांडा आपटायचास, सँडविच खायचास, हात हलवायचास, आम्ही घरी जायचो. घरी तो टाय काढून खुर्चीवर टाकायचा. मी उचलून ठेवायचे. चव्वेचाळीस वर्षं."

माझे हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. वर बघायची सोय नव्हती. मला रडू येत होतं आणि या हॉलमध्ये रडलो असतो तर आणखी एखादी ढाल निघाली असती.

"त्याने मला माफ केलं होतं का?" मी विचारलं.

खरं तर मला ठाऊक होतं ती काय म्हणेल. या हॉलमधल्या बायका अशा वेळी काय म्हणतात ते मी पंचेचाळीस वर्षं ऐकत आलोय. हो रे, कधीच केलं होतं, मनात काही नव्हतं त्याच्या. मी ते ऐकायला तयार होऊन बसलो होतो.

"गेल्या ऑक्टोबरात तो आला नाही," नादिया म्हणाली. "आजारी नव्हता तेव्हा. चांगला धडधाकट होता. मी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. म्हणाला, नको, राहू दे आता. मी एकटीच आले, तुझ्या मागच्या रांगेत बसले. तो आलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का आर्नी?"

मी आठवून पाहिलं. गेल्या ऑक्टोबरात सँडविचं अंड्याऐवजी हॅमची होती, हे आठवलं. सामना आम्ही जिंकलो होतो, तेही आठवलं. हो म्हणून टाकणं सोपं होतं. म्हणालो असतो, हो, लक्षात आलं होतं, चुकचुकल्यासारखं झालं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"हे पटलं," ती म्हणाली, पर्स उचलली आणि कठड्याला धरून एकेक पायरी जिना उतरून गेली.